गाळलेला ए

"कृष्णात, तोंड उघड गड्या. कुठली घ्यायची?" लालासाहेबांनी दोन कंपन्यांची कोटेशनं पत्ते टाकावेत तशी टेबलावर टाकली. "मला त्यातलं ओ का ठो कळत न्हाई. तू म्हणशील ती."

आष्ट्यात आणि भोवतीच्या अकरा गावांत लालासाहेबांचं इंटरनेट जायचं, आणि ते सगळं कृष्णातच्या पाठीमागच्या एका मशीनमधून. मुख्य राउटर. आठ वर्षं झाली होती त्याला. आता बदलायचाच होता.

जुन्याच कंपनीचा घेतला तर जुन्यातली सेटिंगची फाईल जशीच्या तशी नव्यात चढणार होती. मशीनच्या नावासकट. दुसऱ्या कंपनीचा घेतला तर सगळं पहिल्यापासून टाईप करायचं.

नाव प्रांजलनं टाकलं होतं. कृष्णातची लेक, तेव्हा सातवीत. बापाचा डबा घेऊन आली आणि खुर्चीच बळकावली. "पप्पा, हे नाव इचारतंय. माझं टाकू?" आणि टाकलंसुद्धा! इंग्रजीत, घाईघाईत, शेवटचा 'ए' गाळून.

"चुकलीस की गं."

"ऱ्हाऊ द्या, मशीनला काय कळतंय!"

तेव्हापासून वायरमन फोनवर ओरडायचे, "दादा, प्रांजल झोपली!" मग थोड्या वेळानं, "उठली, उठली!" हसून हसून पोरीची मुरकुंडी वळायची. दोन वर्षांपूर्वी डेंग्यूनं ती चार दिवसांत गेली, आणि फोनवर सगळे गुपचूप 'मशीन बंद हाय' म्हणायला लागले. स्क्रीनवर मात्र प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला ते नाव होतंच. कृष्णात रोज सकाळी उगाच एंटर दाबायचा. नाव यायचं. मग तो चहा घ्यायचा.

"नव्या कंपनीची घ्या," तो म्हणाला.

लालासाहेब चमकले. "आरं, पर..."

"गेल्या साली कार्ड जळलं, तवा जुन्या कंपनीनं पार्ट द्यायला नऊ दिवस लावलं. बारावीची पोरं फॉर्म भरायला सांगलीला हेलपाटं घालत हुती. ह्यांचा माणूस सांगलीतच हाय. आन् एक लाईन तुटली तर दुसरीवर कवा गेलं, कळत बी न्हाई. मी तपासलंय."

"मग नव्याला नाव तेच दे की."

"ते मी टाकलेलं हुईल, आण्णा."

लालासाहेबांनी सही केली आणि पेनाचं टोपण कितीतरी वेळ लावत बसले.

बुधवारी दुपारी नव्या कंपनीची इंजिनियर अपेक्षा आली. "सर, नाव काय देऊ?"

"आष्टा एक."

एकेक वायर नव्यात गेली. गावात कुणाला पत्ताही लागला नाही. कुणाचा व्हिडिओसुद्धा अडला नाही.

"झालं सर! जुना बंद करू?"

"नको. मी करतो."

ती गेली. विजेची आणि स्क्रीनची वायर तेवढी उरलेला जुना राउटर टेबलाच्या कडेला घरघरत होता. कृष्णातनं एंटर दाबला. नाव आलं. पुन्हा दाबला. पुन्हा आलं.

संध्याकाळी लालासाहेब कुलूप लावायला आले, दारातच थबकले, आणि किल्ल्या खिळ्याला अडकवून पाऊल न वाजवता परत गेले.