हात धुऊन मागे

भिंगरीच्या नखांत एवढी माती होती, की मुळे पेरले असते तर आठवड्यात भाजी निघाली असती. पाच वर्षांची पोर, पण हात धुवायचं नाव काढलं की मुठी आवळून पलंगाखाली. शेजारच्या मांजरीने एकदा तिचा हात चाटला, तर ती मांजर दोन दिवस दुधाकडे ढुंकून बघेना.

पाळणाघराच्या बाईंनी काल निक्षून सांगितलं होतं, "उद्या हात असेच आले तर पोरीला दारातूनच परत पाठवीन. हिच्यामुळे निम्म्या पोरांची पोटं बिघडलीत." भिंगरीच्या आईला हे परवडणारं नव्हतं. ती शिलाईच्या कारखान्यात शर्टाच्या कॉलरी शिवायची. पाळणाघर सुटलं की नोकरी सुटली, आणि नोकरी सुटली की सासू जिंकली.

सासू खुर्ची टाकून तमाशा बघत बसली होती.

"सोड ती नोकरी, बस घरात. माझ्या गुडघ्यांच्या भरवशावर राहू नकोस."

"लग्नाच्या जेवणाला जाताना बरे पळतात हो आई, तुमचे गुडघे!"

"तुझ्या जिभेपेक्षा कमीच पळतात!"

भिंगरीच्या आईने दात-ओठ खात पोरीला पायाला धरून ओढलं आणि बेसिनपाशी उभं केलं. नळ सोडला.

"धू!"

"नाही!"

"का नाही, कार्टे?"

"मला कोणाच्या मागे नाही लागायचं!"

 आईने नळ बंद केला.

"मागे? कोणाच्या मागे?"

भिंगरीने भोकाड पसरलं. "तूच मावशीला फोनवर म्हणालीस, आजी हात धुऊन तुझ्या मागे लागलीय. आणि आजी जिन्यात काकूंना सांगते, सून हात धुऊन तिच्या मागे लागलीय. तुम्ही दोघी सारख्या हात धुता आणि सारख्या भांडता. बाबा कध्धीच धूत नाहीत. ते लागतात का कोणाच्या मागे?"

"मावशीकडे माझ्या चहाड्या काय गं?" सासू उसळली.

"आणि तुम्ही जिन्यात काय माझे गोडवे गात होतात?"

पण बोलता बोलता दोघींच्या नजरा एकदमच टेबलाकडे वळल्या. तिथे भिंगरीचे बाबा बसले होते. गॅरेजमधलं कालचं ग्रीस कोपरापर्यंत तसंच, त्यावर आजचं चढायचं तेवढं बाकी. त्याच बोटांनी चहात पाव बुडवणं चाललं होतं.

"कध्धीच नाही?" त्यांची बायको म्हणाली.

"ऊठ, गधड्या!" त्यांची आई म्हणाली.

लग्नानंतर पहिल्यांदाच सासू-सुनेचं एकमत झालं, आणि तेही प्रेमापोटी नव्हे. एकीने दंडाला धरलं, दुसरीने मागून ढकललं. बेसिनमधून असं काळं पाणी वाहिलं, की गटारातले उंदीर नाक दाबून गल्लीबाहेर पळाले.

"नखं घास, नखं!"

"तुमच्याच लाडाने शेफारलेत हे."

"माझ्याकडे होता तेव्हा चांगला होता. तुझ्या हातात आला आणि वाया गेला!"

बाबांनी टॉवेल धाडकन खुर्चीवर फेकला.

"गप्प बसा दोघी! लग्न झाल्यापासून ऐकतोय! आई, ही कारखान्यात जाणार आणि पोर पाळणाघरात जाणार. पटलं तर बघ, नाहीतर भिंतीकडे बघ. आणि तू, फोनवर माझ्या आईचं उणंदुणं काढणं बंद! समजलं?"

"बघा!" भिंगरी किंचाळली. "मी सांगत होते ना! धुतले की लागतात!"

 आई गप्प, आजी गप्प. एवढी शांतता भिंगरीने घरात कधी ऐकली नव्हती. तिने एकदा बाबांच्या स्वच्छ हातांकडे बघितलं, एकदा या दोघींच्या मिटलेल्या तोंडांकडे. मग स्टूल ओढून बेसिनपाशी चढली.

"साबण द्या इकडे."

खांद्यापर्यंत फेस आणला पोरीने. बोटांच्या बेचक्या घासल्या, नखं घासली, कोपरं घासली. आईने बखोट धरून तिला ओढलं तेव्हा कुठे नळ सुटला.

"आता कोणाच्या मागे लागणार आहेस गं, भवाने?" आजीने दारातून फणकाऱ्याने विचारलं.

"आधी पाळणाघराच्या बाई," जिना उतरता उतरता भिंगरी म्हणाली. "दारातून परत पाठवतात म्हणे मला! संध्याकाळी घरी आले, की मग तू."