शेंबडे टाके

वेलिकाने ती वस्तू स्वयंपाकघरातल्या टेबलावर आणून ठेवली, भाजलेल्या मिरच्यांच्या काळ्या सालींशेजारी, आणि तिच्या नवऱ्याची, त्सांकोची, भूक जागच्या जागी मेली.

"काय आहे हे?"

"माझ्या लेथचा टेकू, पटाशी टेकवायला. वाकडा. कटोऱ्याच्या पोटात जाईल असा. शेजारच्या अस्पारुखचं वेल्डिंगचं मशीन आणलं आणि केला मी."

"केलास? मला वाटलं, कबुतरांनी केला."

त्याने जोडावरून बोट फिरवलं. थेंबावर थेंब, गाठीवर गाठ. वजडीच्या सुपावर रात्रभर थिजलेली चरबी असते ना, तसं काहीतरी बोटाला लागलं. त्याने बोट पाटलोणीला पुसलं.

"शेंबूड," तो म्हणाला.

नदीकाठच्या जहाजकारखान्यात वाईट वेल्डिंगला सगळेच शेंबूड म्हणत, पण त्सांकोसारखं कुणी म्हणत नसे. एकतीस वर्षं त्याने जहाजांची पोटं शिवली. त्यानंतरची नऊ वर्षं दुसऱ्यांनी घातलेले टाके नुसते तपासले, एका हातात दिवा, दुसऱ्या हातात हातोडा. तो ओठ मुरडून तो शब्द थुंकला की समोरच्याने टाका कापून पुन्हा घालायचा, मग त्या दिवशी त्याच्या नावाच्या संताचा सण असो की घरी बारसं.

"दिसायला नसेल चांगला," वेलिका म्हणाली, "पण धरेल."

तिच्या डाव्या डोळ्याखाली अजून पिवळा-हिरवा डाग होता. लेथबरोबर आलेला टेकू सरळ आणि आखूड. कटोरा आतून कोरायचा म्हणजे पटाशी त्या टेकूच्या पुढे वीतभर हवेत लोंबणार. दोन आठवड्यांपूर्वी ती अशीच लाकडात अडकली, अक्रोडाचा कटोरा फुटला आणि त्याची ढलपी वेलिकाच्या गालावर बसली. दोन बोटं वर बसली असती तर डोळा गेला असता.

ईस्टरपासून ती मागत होती. "जहाजं जोडलीस, मला एवढीशी सळई जोडून दे." तो म्हणायचा, वेल्डिंगच्या कांड्या दमट आहेत. तो म्हणायचा, मुखवट्याच्या काचेला चरे पडलेत. खोटं त्यात काही नव्हतं, पण खरं कारण त्याच्या उजव्या हातात राहत होतं. वसंतापासून त्या हातात एक मासोळी तडफडत होती. पाण्याबाहेर काढलेली, मरत नसलेली मासोळी. ते त्याने कुणालाच सांगितलं नव्हतं.

त्याने टेकू उंबऱ्यावर आडवा धरला आणि डाव्या हाताने हातोडा घातला. पहिल्याच घावात जोड सुटला. आत सगळी भोकं, नासलेल्या चीजसारखी.

"बघ! ह्याच्यावर हात टेकणार होतीस तू?"

डोळ्याची पापणी लवेपर्यंत त्याला बरं वाटलं. मग त्या बरं वाटण्याचीच किळस आली.

वेलिकाने दोन्ही तुकडे उचलून त्याच्यासमोर ठेवले. "माझा मोडलास. आता तुझा दे."

दुसऱ्या दिवशी तो शेडमध्ये गेला आणि दार लावून घेतलं. भंगारातून आणलेला मोटारीचा शॉकअॅब्सॉर्बर कापला. त्याच्या आतल्या दांड्यासारखं कडक, गुळगुळीत पोलाद दुसरं नाही, पटाशी त्यावरून लोण्यासारखी सरकते. कापताना आतलं जुनं तेल पिचकारीसारखं उडालं. मेलेल्या मांजराचा वास. तो मिशीत गेला, बाहीत गेला. दांडा लाल करून त्याने वाकवला, जोडाच्या जागेवरचा चकचकीत मुलामा घासून काढला, कारण तो जळला की विषारी धूर होतो. इथवर सगळं हाताला आठवत होतं.

मग त्याने कांडी टेकवली आणि मासोळी उसळली. कांडी चिकटली, सुटली, पुन्हा चिकटली. त्याने उजवं मनगट डाव्या हाताने आवळलं, कोपर पोटात खुपसलं, शिवी घातली. मुखवटा वर केला तेव्हा समोर लोंबत होता तो त्याचा स्वतःचा शेंबूड. घट्ट, हिरवट, ओघळलेला.

त्सांकोने ग्राइंडर उचलला. गाठी उडाल्या, ओघळ उडाले, टाक्याची छातीच उडाली. मग कानस, मग पॉलिशपेपर, मग चंदेरी रंग. जोड कुठे आहे हेसुद्धा कळेना. कारखान्यात असाच टाका घासूनपुसून आणणाऱ्या क्रुमला त्याने एकदा सगळ्या पाळीसमोर उभं केलं होतं. म्हणाला होता, "शेंबूड पुसलास म्हणून पडसं गेलं का रे?" सगळे हसले होते. क्रुम हसला नव्हता.

"अगं बाई गं!" वेलिका टेकू उन्हात धरून वळवत राहिली. "ह्याला म्हणतात हात! सहा महिने कशाला रडवलंस, म्हाताऱ्या?"

तिने टेकू लेथवर बसवला, अक्रोडाचा नवा ठोकळा चढवला. टेकूची वाकडी मान ठोकळ्याच्या तोंडाशी आली. तिने पटाशी टेकवली, वाकली, आणि तो पिवळा डाग लाकडापासून हातभर अंतरावर आला. पट्टा गरगरला.  त्सांकोने भिंतीतली लेथची पिन ओढली.

"आता काय झालं?"

"काढ ते."

"का?"

"आतून सडका आहे. वरून घासलाय मी. रंग लावलाय." तिच्याकडे न बघता त्याने डाव्या हातात हातोडा घेतला. दुसऱ्या घावात चंदेरी मान तुटून पडली. पोटात अर्धंमुर्धंच वितळलेलं पोलाद. पुढे काय सांगायचं ते सांगायला त्याने उजवा हात नुसता पुढे केला. तो थरथरत होता.

वेलिकाने तुकडा पायाने बाजूला सारला. "वसंतापासून कॉफी मीच आणते तुझ्यापर्यंत. लक्षात आलं नाही तुझ्या?"

"मला वाटलं, प्रेमाने आणतेस."

"तेही होतंच. पण निम्मी बशीत सांडलेली कॉफी कोण पिणार?" मग तिचा आवाज चढला. "आणि माझं तोंड असं असताना तू रंग लावलास?"

 तिनेच तुकडे पुन्हा जुळवून मुखवटा चढवला. "सांग. कसं करायचं ते सांग."

"ठिणगीकडे बघू नकोस, वितळलेल्या रसाकडे बघ. रस दोन्ही काठ चाटेपर्यंत पुढे जायचं नाही. अगं थांब ना! गाढवासारखी पळतेस कुठे?"

"ओरडू नकोस! तीस वर्षं पावाच्या भट्टीपुढे होते मी."

"मग पाव कर. टाका माझ्यावर सोड."

"सोडला असता की."

 मग तो सावकाश, दात खात, सांगत गेला.

तिसऱ्या प्रयत्नात टाका पुरा झाला. सुजलेला, वाकडा, कुठे पोट सुटलेलं, कुठे कंबर आत. त्सांकोने निवेपर्यंत वाट पाहिली आणि घाव घातले. दहा. मग तिरपे चार. हातोडा उसळून त्याचंच मनगट कळवळलं. टाका हलला नाही. इतकं घाणेरडं काहीतरी इतकं भक्कम असावं, ह्याचा त्याला मनापासून राग आला.

वेलिकाने लेथ सुरू केला. पटाशी अक्रोडाच्या पोटात शिरली, कुठे न अडकता, आणि लांब तपकिरी ढलप्या तिच्या कोपरावरून खाली ओघळू लागल्या. कटोऱ्याचं पोट गोल होत गेलं. त्सांको लाकडाकडे बघत नव्हता. ओठ मुरडून तो त्या टाक्याकडे बघत होता, जणू कुणी त्याच्या अंगणात कचरा टाकून गेलं होतं.

"उद्या दुसरा घाल," तो लेथच्या आवाजापेक्षा मोठ्याने ओरडला. "हा बघवत नाही मला."