केरू थेटेंचा भोंगा

बाकीचे

त्या सकाळी अंबडच्या कारखान्यात भोंगा वाजला नाही.

पहिल्या शिफ्टची माणसं आत येऊन नुसती उभी. घड्याळ प्रत्येकाच्या मनगटावर होतं, पण मशीनला कुणी हात लावेना. भोंगा झाल्याशिवाय सुरुवात करायची कुणाला सवयच नव्हती. मनीषा मोजाड फाटकातून शिरली तसा वॉचमन गेणू ओरडला, "मॅडम, केरूभाऊ गेले त्या दिवशीसुद्धा वाजला होता हा. आज कोण गेलं?"

कोण गेलं ते तिला ठाऊक होतं. काल दुपारी तिनंच पुसलं होतं.

मालक

केरू थेटे कारखान्याचा सर्व्हर सांभाळायचे. दोन हजार चारच्या पावसाळ्यात मोटरसायकल घसरून वारले. पण यंत्रात त्यांचं खातं तसंच राहिलं, आणि ठरल्या वेळी आपोआप होणारी कामं, म्हणजे हजेरी गोळा करणं, मालाची शिल्लक काढणं, भोंगा वाजवणं, त्यांच्याच नावानं चालत राहिली.

यंदा दिवाळीनंतर ऑडिटर आला. नोंदी चाळत म्हणाला, "हे थेटे कोण? रोज सगळ्यांच्या आधी कामाला लागतात."

मॅनेजर खैरनारसाहेब टेबलाकडे बघत म्हणाले, "वारले." आणि मग मनीषाला, "ते खातं या आठवड्यात बंद करा."

सर्व्हर आता मनीषाकडे होता. तिला हे काम केरूभाऊंनीच शिकवलेलं. प्रत्येक फाइलवर हक्क तीन: वाचणं, लिहिणं, चालवणं. ते ज्यांना द्यायचे तेही तीन: मालक, मालकाचा गट, बाकीचे. "पोरी, एकट्याच्या नावावर काही ठेवू नये. माणूस जातो, किल्ली खिशात घेऊन जातो."

तिनं कुणाही माणसाचं नसलेलं एक नवं खातं उघडलं. एकेक काम त्यावर नेलं. शेवटी भोंगा. चालवून पाहिला, वाजला. भर दुपारी वाजला म्हणून माणसं हसली. मग तिनं केरू थेटे हे खातं पुसलं.

चूक इथंच.

चाचणी तिनं रूट होऊन घेतली होती. रूट म्हणजे यंत्राचा सर्वाधिकारी. त्याला कुठलंच दार अडवत नाही, त्यामुळे दाराला कुलूप आहे हेही त्याला कळत नाही. सकाळी नव्या खात्यानं तेच दार ढकललं, आणि त्याच्या टपालात एक ओळ येऊन पडली: परवानगी नाही.

तिनं भोंग्याची फाइल बघितली. मालकाला तिन्ही हक्क. गटाला काही नाही. बाकीच्यांना काही नाही. मालकाच्या जागी नावसुद्धा नव्हतं. खातं पुसल्यावर नुसता क्रमांक उरला होता.

बाकी सगळं त्यांनी गटासाठी उघडं ठेवलेलं. हे एवढंच नाही. केरूभाऊंनी? स्वतः?

"सगळ्यांना सगळे हक्क देऊन टाका ना," खैरनारसाहेब मागून म्हणाले. "वाजल्याशी मतलब."

तिचे हात कीबोर्डवर होते. तेवढ्यात गेणू दारात आला. "मॅडम, थेटेवहिनी आल्यात."

गट

थेट्यांचा झेंडूचा मळा कारखान्याच्या कुंपणाला लागून. मैनावहिनी तोडणी टाकून तशाच आल्या होत्या. बोटं देठांनी हिरवी. खुर्ची पुढं केली तरी बसल्या नाहीत.

"आज वाजला नाय. काढलं का त्यांना?"

मनीषानं होकारार्थी मान हलवली. मग म्हणाली, "वहिनी, भोंग्याला त्यांनी कुलूप घातलंय. दुसऱ्या कुणाला हात लावता येत नाही. असं ते कधीच करायचे नाहीत."

मैनावहिनी जराशा हसल्या. "मीच म्हणले होते. स्वतः अंथरुणात लोळायचे, अन् तिकडं भोंगा व्हायचा. म्हणायचे, ऐक, माझ्या नावानं वाजला. मी म्हणले, काय बाई नवरा! झोपून अख्खा कारखाना उठवतो. मग मीच म्हणले, बाकीचं वाटा कुणालाबी, एवढं एक तुमच्या हातचं राहू द्या." पदरानं बोटं पुसत राहिल्या. "केलं म्हणायचं."

"केलं."

मनीषाचा आवाज खाली गेला. "त्याच क्रमांकाचं खातं मला पुन्हा उघडता येतं. त्यांच्याच नावानं. ऑडिटर उद्या जाईल. कुणाला कळणार नाही. उद्यापासून वाजेल, होता तसा."

मैनावहिनी खिडकीबाहेर बघत होत्या. अंगणात माणसं अजून घोळक्यानं उभी होती.

"आन् तू गेल्यावर?"

मनीषानं स्क्रीनवरच्या त्या क्रमांकाकडे बघितलं.

"परत लोकं अशीच उभी. नको." मग म्हणाल्या, "आता कुणाच्या नावावर करतीस?"

"कुणाच्याच नाही. खात्याचं नाव नुसतं भोंगा."

"माणूस नाय?"

"नाही."

"कर मग," असं म्हणून त्या उठल्या. म्हणजे उभ्याच होत्या, वळल्या.

मनीषानं मालक बदलला. गटाला वाचायचा आणि चालवायचा हक्क दिला. बाकीच्यांना काही नाही, केरूभाऊंनी शिकवलं होतं तसंच. या वेळी रूट होऊन नाही, त्या नव्या खात्यातून चालवून बघितला. अंगणातली माणसं दचकली, आणि कामाला गेली.

बाकीचे

दुसऱ्या दिवशी ती फाटकात शिरलीच नाही. कुंपणाच्या कडेनं मळ्यात गेली. मैनावहिनी वाफ्यात वाकून झेंडू तोडत होत्या. मनीषानं शेजारच्या झाडाला हात घातला. तिला देठ नीट खुडता येईना.

भोंगा झाला.

मैनावहिनींचा हात थांबला. भोंगा संपेपर्यंत थांबलेलाच राहिला. मग त्यांनी पुढचं फूल तोडलं, पाटीत टाकलं.

"जा गं," त्या म्हणाल्या. "उशीर होईल तुला."