कोरडे हात

“बटन बंद केलंस ना रे?” अंबिकाआत्याने विचारलं.

“हो, हो,” नीलकंठ मान न वळवताच म्हणाला.

समोर त्याच्या शाळेचे हेडमास्तर दिनानाथबाबू बसले होते. दुर्गाघाटावरच्या या घरी ते पहिल्यांदाच आले होते. नीलकंठ शाळेत विज्ञान शिकवायचा. येत्या सत्रात वरचे वर्ग मिळावेत अशी त्याला आशा होती, म्हणून आज तो जरा जास्तच बोलत होता. विजेची किटलीही त्याने मुद्दाम बाहेरच्या खोलीत मांडली होती. छावणीतल्या, विलायतेला परत निघालेल्या एका साहेबाकडून ती त्याने घेतली होती. किटलीच्या बुडाशी वायरीवरचं सुती वेष्टण झिजून आतलं तांबं दिसू लागलं होतं. नवी वायर आणायचं तो टाळत आला होता. त्याऐवजी आत्याला बजावून ठेवलं होतं: हात कोरडे करायचे, बटन बंद झाल्याची खात्री करायची, मगच किटलीला हात लावायचा.

आत्याने पदराला दोन्ही हात नीट पुसले. नीलकंठने ते पाहिलं. तिने किटली उचलली मात्र, आणि किंचाळून टाकून दिली. उकळतं पाणी तिच्या पायांवर सांडलं.

“अरे राम! माताजी, पाँव जल गये?” दिनानाथबाबू धडपडत उठले.

नीलकंठची नजर भिंतीकडे गेली. बटन चालूच होतं. त्याने ते झटकन बंद केलं.

“कितनी बार समझाया, गीले हाथ से मत छूना!” तो ओरडला. मग हेडमास्तरांकडे वळून हसला. “क्या करें साहब, पुराने लोग हैं.”

आत्याने त्याच्याकडे पाहिलं. मग स्वतःच्या हातांकडे. ती लंगडत आत गेली.

पाहुणे चहा न घेताच उठले. नीलकंठ आत आला तेव्हा आत्या पायांना खोबरेल लावत होती. तो तिच्यासमोर खाली बसला.

“आत्या, तुझे हात कोरडे होते. बटन मीच बंद केलं नव्हतं. वायरसुद्धा खराब आहे, मला माहीत होतं.”

“असू दे रे. मला बरं वाटावं म्हणून म्हणतोस.”

“नाही गं, खरंच.”

“ओलेच असतील. आता कुठे ध्यानात राहतं माझ्या?”

त्याने पुन्हा पुन्हा सांगितलं. ती समजूत घातल्यासारखी मान हलवत राहिली.

वरचे वर्ग त्याला मिळाले.

किटलीच्या त्या प्रसंगानंतरची एक सकाळ मात्र त्याच्या मनातून जाईना. आई गेल्यावर याच बाईने यात्रेकरूंचे स्वयंपाक करून त्याला वाढवलं होतं. त्या सकाळी चुलीवर आमटी उतू चालली होती आणि आत्या हातात सांडशी घेऊन नुसतीच उभी होती.

“नीलू,” तिने हाक मारली, “उतरवू ना रे हे?”

त्याला ‘हो’ म्हणता येईना. आमटी विस्तवावर सांडत राहिली आणि आत्या त्याच्या होकाराची वाट पाहत राहिली.