राखून ठेवलेला दम

तळ्यावर सकाळी सकाळीच जुंपली. एका बाजूला माझा शेजारी, दुसऱ्या बाजूला पलीकडच्या माळावरचा उंच्या. दोघंही मेंढपाळ.

"माझी कोकरं तुझ्या कळपात गेलीत. मुकाट्यानं दे," शेजारी म्हणाला.

"मी काय उचलून नेली? माझ्या हाकेमागं आली. रीत तुला ठाऊक नाही का? उद्या आबांना आण. त्यांच्या हाकेला जी जातील ती खुशाल ने."

आमच्याकडं तळं एकच, त्यामुळं पाण्यावर कळप मिसळतातच. पाणी पिऊन झालं की दोन्ही मालक हाक देतात आणि जनावरं आपापल्या आवाजामागं निघतात. कोकरांना मात्र आवाजाची ओळख नसते. जो कळप आधी हलेल त्याच्यामागं ती सुटतात. शेजाऱ्याच्या वडलांना, म्हणजे आबांना, सगळं गाव भोंगा म्हणायचं. ते हाक मारायचे तेव्हा माझ्या गोठ्यातली म्हैस दावं ताणायची. त्या आवाजापुढं मुलानं कधी तोंड उघडलं नाही, म्हणून मेंढरं त्याला जुमानत नाहीत.

मग आबांना कंपवात जडला. हात थरथरू लागले, चाल आखडली, बोलणं बारीक झालं, घास घशात अडकू लागला. घरच्यांनी ठरवलं, दम राखायचा. सून जीव लावणारी, पण तिची माया म्हणजे पहारा. "आबा, बोलू नका. दम तळ्यावरच्या हाकेसाठी राहू दे." नातवंडांनी आजोबांशी बोलायचं नाही, मीही गप्पांना जायचं नाही. कणगीत धान्य भरावं तसा त्यांनी म्हाताऱ्याचा श्वास साठवला. आम्हा सगळ्यांना ते शहाणपणाचंच वाटत होतं.

भांडण झालं त्याच दुपारी आम्ही आबांना मोठ्या दवाखान्यात नेलं. उद्यापुरता तरी आवाज उघडेल असं काही औषध मिळावं, एवढीच आशा. डॉक्टरीणबाईंनी नळीत फुंकायला सांगितलं. आबांनी गाल फुगवले, डोळे मिटले, सगळा जीव लावला. यंत्रावरची रेघ जेमतेम उठली आणि आडवी झाली.

"फुप्फुसं ठीक आहेत," बाई म्हणाल्या. "छातीचे स्नायू ताठरलेत. बरगड्या नीट उघडत नाहीत, त्यामुळं हवा आत पुरेशी जात नाही आणि बाहेरही जोरानं येत नाही. खोकला दुबळा झालाय तो म्हणूनच. घरी मोठ्यानं बोलतात का?"

"छे," सून मोठ्या अभिमानानं म्हणाली. "बोलूच देत नाही आम्ही."

बाईंनी नळी बाजूला ठेवली. "रोज बोलायला हवं होतं हो त्यांनी, तेही मोठ्यानं. दम साठत नाही. वापरला नाही तर आणखी आटतो. व्यायाम शिकवते, पण गेलेलं सगळं परत येईल असं नाही सांगू शकत."

सुनेचा चेहरा पडला. रागवायला निदान कुणी दुष्ट तरी हवा होता.

दुसऱ्या दिवशी आबांना तळ्याकाठी खुर्चीवर बसवलं. उंच्या तसा वाईट माणूस नव्हे. त्यानं टोपी काढली आणि म्हणाला, "आबा, आधी तुम्ही."

आबांनी मान वर केली, तोंड उघडलं. गळ्याच्या शिरा ताठ झाल्या. आम्हाला वाऱ्यानं हलणारं गवत तेवढं ऐकू येत होतं. त्यांची मोठी मेंढरं त्यांच्याकडं तोंड करून उभी राहिली आणि उभीच राहिली. उंच्यानं बराच वेळ वाट पाहिली, ऊन चढेपर्यंत. शेवटी मान खाली घालून त्यानं आपली हाक दिली. त्याचा कळप हलला आणि आबांची उरलीसुरली कोकरं उड्या मारत त्याच्यामागं गेली. सून पदर तोंडाला लावून रडत होती.

आबांचे ओठ अजून हलत होते. मुलानं वाकून कान तोंडाशी नेला.

"काय म्हणता, आबा?"

"केव्हाच्या हाका मारतोय," आबा पुटपुटले. "एवढ्या मोठ्यानं. मेंढरं बहिरी झाली का रे?"

मुलानं माझ्याकडं पाहिलं. मी नजर वळवली.

"हो आबा," तो म्हणाला, "बहिरी झाली," आणि राहिलेली मेंढरं काठीनं घराकडं हाकू लागला.