पेडलवरचा पाय

चाचाक गावातल्या एका वसाहतीच्या मागे गॅरेजांची एक ओळ आहे, चौदा पत्र्याच्या दारांची. तिथला नियम कुठे लिहिलेला नाही, पण पाळतात सगळे: ज्याला खरं कारण ठाऊक आहे त्याने विचारल्याशिवाय तोंड उघडायचं नाही, आणि ज्याला काहीच ठाऊक नाही त्याने खुशाल सल्ला द्यावा. त्यामुळे ओळीत सल्ल्याला तोटा नसतो आणि गाड्या मात्र आठवडेच्या आठवडे जॅकवर असतात.

ल्युबिंका मंगळवारपासून नवऱ्याच्या, रादोयकोच्या, गाडीत बसून ब्रेकमधली हवा काढायला पेडल दाबत होती. आज गुरुवार. शनिवारी सकाळी गाडीची सरकारी तपासणी होती, आणि त्या तपासणीवर बरंच काही टांगलेलं होतं. उन्हाळ्यात, मुलगी आणि जावई जेवायला आले असताना, रकियाच्या, म्हणजे फळांच्या दारूच्या, दुसऱ्या पेल्यानंतर रादोयकोने शब्द दिला होता, ‘यंदा नापास झाली तर थेट भंगारात. गॅरेज तुझं!’ गाडी तेहतीस वर्षांची असली तरी ती नापास होईल अशी शंका त्याला नव्हती; शब्द द्यायला माणसाला अशीच वेळ सोपी पडते. ल्युबिंकाने मात्र तो शब्द दिला तसा उचलून ठेवला. दर सप्टेंबरात ती इमारतीच्या दारात फुटपाथवर शेगडी मांडून लाल मिरच्या भाजते, सोलते, दिवसभर ढवळून त्यांचा आयवार, म्हणजे घट्ट चटणी, करते आणि बरण्या चौथ्या मजल्यावर चढवते. लिफ्ट चालू असेल तर तो योगायोग. गॅरेजात शेगडी कुठे, फळ्या कुठे, बरण्या कुठे, हे तिने मनात केव्हाच लावून टाकलं होतं.

“पंप मार!” पुढच्या चाकाशी आडवा झालेला रादोयको ओरडला.

तिने चार वेळा दाबलं.

“धर!”

“धरलंय.”

“सोडू नकोस हं... थांब... सोड. कसं लागतंय?”

“काल लागलं तसंच. ओल्या उशीत पाय घातल्यासारखं.”

रादोयको गुडघे धरत उठला. “तू पाय आधी सोडतेस.”

“मी?”

“मी हवा काढायचा निपल बंद करायच्या आत सोडतेस. मग काढलेली हवा परत आत शिरते.”

नऊ नंबरच्या दारात विदोसाव खुर्ची टाकून बसला होता. रेल्वेतून निवृत्त झाल्यापासून कॉफीचा पेला आणि मत, दोन्ही तो घरूनच घेऊन येई. “बायकांचा पाय हलकाच पडतो, उस्ताद,” तो म्हणाला. “माझी बायकोही असंच करायची.”

“तुझी गाडी दोन वर्षं विटांवर उभी आहे, विदोसाव,” ल्युबिंका म्हणाली. “तीही बायकोच्या पायानेच का?”

विदोसाव हसला, पण मत त्याने मागे घेतलं नाही. मंगळवारी ओळीचं मत होतं की मुख्य सिलिंडर गेला. बुधवारी रबरी नळ्या फुगतात असं ठरलं, मग ब्रेक ऑइलचा डबा जुना निघाला. रादोयकोने नळ्या बदलल्या, नवा डबा आणला. पेडल मऊ ते मऊच. गुरुवारी दुपारपर्यंत बाकीची सगळी कारणं संपली आणि एकच उरलं: ल्युबिंकाचा पाय.

चुलीवर शिजायला टाकलेल्या बीन्सचं निमित्त करून ती निघाली. वाटेत शेवटून तिसऱ्या दारात कूम तिहोमिर बसला होता, मांडीवर फडकं, फडक्यावर स्पार्क प्लग. तिच्या लग्नात तो साक्षीदार म्हणून उभा राहिलेला, म्हणजे तिचा कूम, आणि ती त्याची कुमा; सख्ख्या भावाच्याही वरचं नातं. पण रादोयकोशी त्याचं बोलणं दोन वर्षं बंद होतं. ‘तुझं इंजिन शिवणयंत्रासारखं वाजतं, वाल्व्ह तुला सेट करता येत नाहीत,’ असं रादोयको चारचौघांत म्हणाला होता. ते खरं होतं, म्हणून तर माफ करता आलं नाही.

“कुमा, पाय दुखत असतील,” तिहोमिर प्लगवरून नजर न काढता म्हणाला.

“पायांचं राहू दे. तू ब्रेककडे असा बघतोस की तुला काहीतरी दिसलंय. काय ते सांग.”

“त्याने विचारलेलं नाही.”

“मी विचारतेय ना!”

तिहोमिरने प्लग ठेवला. “त्याने चाकं आवळणारे दोन्ही कॅलिपर एकदम काढले. लाल रंगवले. पेपरवर शेजारीशेजारी वाळत घातले. मग उजवा डावीकडे बसवला आणि डावा उजवीकडे. उलटाही बसतो तो, कॅलिपरला काय कळतंय. पण हवा काढायचा निपल वर हवा, तो आता खाली आलाय. हवा वर चढते, कुमा. दार जमिनीपाशी ठेवलं तर ती वरच्या कोपऱ्यात बसून राहणार. तू ख्रिसमसपर्यंत दाब.”

“तुला केव्हा कळलं?”

“मंगळवारी. अकराच्या सुमाराला.”

“आणि तू मला तीन दिवस दाबू दिलंस.”

“मी काही बोललो नाही, एवढंच.”

चार मजले चढताना ल्युबिंकाने दोन्ही बाजू नीट तोलल्या. गप्प बसलं तर शनिवारी गाडी नापास होणार. खोटं बोलायला नको, हात लावायला नको. उद्या फक्त पुन्हा दाबायचं. रविवारी शेगडी गॅरेजात. हे पारडं चांगलं जड होतं. पण दुसऱ्यात तिचा स्वतःचा पाय होता. गाडी गेली की ती मुख्य सिलिंडरने गेली असं कुणी म्हणणार नव्हतं. ल्युबिंकाच्या पायाने गेली, असंच ओळ म्हणणार. वर, तिला गॅरेज हवंच होतं, हेही कुणाला तरी आठवणार. दर हिवाळ्यात बरणी उघडताना रादोयको सुस्कारा सोडणार, आणि तो सुस्कारा तिला आयुष्यभर ऐकावा लागणार. बीन्स खाली लागले होते. खरवडताना तिच्या लक्षात आलं की एका माणसाच्या अक्कलशून्यतेवर तिला फुकट गॅरेज मिळत होतं, फक्त नाव तिचं जाणार होतं.

शुक्रवारी सकाळी रादोयकोने “बस” म्हटलं तेव्हा ती बसली नाही. विदोसाव आणि आणखी दोघे खुर्च्या टाकून होते. ती वाकली आणि लाल कॅलिपरवर बोट ठेवलं.

“हा उजवा की डावा?”

“उजव्या बाजूला आहे तो उजवाच असणार ना!”

“मग याचा निपल खाली का? आयवार रटरटतो तेव्हा बुडबुडे कुठून फुटतात, रादोयको? वरूनच ना? मग हवा तुला खालून का भेटेल?”

रादोयको आडवा झाला. आधी एका चाकाशी, मग दुसऱ्या. बाहेर आला तेव्हा त्याचे कान कॅलिपरच्या रंगाला लागले होते. विदोसावला एकदम आठवलं की कॉफी गार झाली, आणि तो ती बदलायला गेला.

“कुणी सांगितलं तुला?”

“तीन दिवस दाबलंय ते मी. निदान बघायला तरी नको का?”

त्याने पाना उचलला. अडीच तासांत दोन्ही कॅलिपर उतरवून जागच्या जागी चढवले. या वेळी ‘पंप मार’ तो हळूच म्हणाला. तिसऱ्या फेरीला पेडल थांबलं.

“कसं लागतंय?”

“दगड.”

शनिवारी गाडी पास झाली. तपासणीच्या रोलरवर ब्रेकने दोन्ही पुढची चाकं सारखी धरली. तपासनीस म्हणाला, इतक्या जुन्या गाडीत हे क्वचित बघायला मिळतं. रादोयकोने ते वाक्य ओळीत दारोदार सांगितलं.

ल्युबिंका तेव्हा फुटपाथवर शेगडीपाशी होती. धूर, काळ्या सालांची बादली, कोपरापर्यंत तेल. विदोसाव, कालचं तिचं बोट जणू पाहिलंच नाही असा, येऊन उभा राहिला.

“काय कान आहे हो तुमच्या नवऱ्याला! नुसत्या आवाजावरून ओळखलं म्हणे, कॅलिपर उलटे बसलेत ते. आणि म्हणाला, ल्युबिंकाचा पाय पहिल्या दिवसापासून बरोबर होता.”

ल्युबिंका ढवळत राहिली. पायावरचा आळ सुटला होता. कानाचं श्रेय ज्याला हवं त्याने ठेवावं.

“लिफ्ट बंद आहे, विदोसाव,” ती म्हणाली, आणि भरलेल्या बरण्यांची पेटी तिने त्याच्या हातात दिली.