एकाच पानाचे दोन पत्ते

सुनेने साइटवरचा तिसरा पत्ता उघडला आणि तिसऱ्यांदाही तोच रेडिओ समोर आला. शिसवी रंगाचं लाकडी खोकं, पुढे कापडी जाळी आणि मधोमध हिरवा डोळा. स्टेशन नीट लागलं की तो डोळा मिटत येतो, असं खाली लिहिलं होतं. त्याखाली सासूबाईंचं वाक्य: ‘हा रेडिओ तापायला वेळ घेतो. घाई करू नये.’

“बाबा, हे एक पान तीन ठिकाणी आहे,” ती म्हणाली.

पलीकडच्या टेबलावर सासऱ्यांनी एका रेडिओची पाठ उघडली होती. त्यांनी मान वर केली नाही.

“असू दे की. घरात पसारा काय कमी आहे? त्यात अजून दोन पानं.”

“तसं नाही हो. सर्च करणाऱ्या यंत्राला कळत नाही, तिन्हींतलं खरं कोणतं. कधी हे दाखवतं, कधी ते, आणि कंटाळून शेवटी कुठलंच वर येत नाही. म्हणून तर तुमचा फोन वाजत नाही.”

फोनचं नाव काढल्यावर त्यांनी स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला. जुने रेडिओ दुरुस्त करणारी माणसं आता बोटांवर मोजण्याइतकी उरली होती, आणि त्यांतल्या एकाचा फोन गेली दोन वर्षं मुका होता. आधी दिवसातून चार वेळा वाजायचा. लोक लांबलांबून पार्सल पाठवायचे, व्हॉल्व्ह कुठे मिळेल म्हणून विचारायचे, आणि काही जण नुसतेच आजोबांच्या रेडिओच्या गोष्टी सांगत बसायचे.

“म्हणजे एकाच माणसाने तीन दारांवर आपली पाटी लावली,” ते म्हणाले, “तर टपालवाला वैतागणारच.”

“अगदी बरोबर.”

“मग करायचं काय?”

“एक पत्ता मुख्य ठरवायचा. बाकीच्या पत्त्यांवर कोणी आलंच, तर त्याला आपोआप मुख्य पानावर आणून सोडायचं. आणि आपण त्या यंत्राला साइटवरच्या पानांची यादी देतो ना, साइटमॅप, तिच्यात फक्त मुख्य पत्ते ठेवायचे.”

“आणि उरलेली पानं?”

“काढून टाकायची.”

ते उघड्या रेडिओतली धूळ ब्रशने एका बाजूला लोटत राहिले. मग म्हणाले,

“तिने टाईप केलेली आहेत ती.”

“मजकूर एकच आहे, बाबा. अक्षरन्‌अक्षर.”

“असेल. दोनदा टाईप केला असेल.”

सहा वर्षांपूर्वी साइट नव्या ठिकाणी हलवताना पानांच्या आपोआप प्रती झाल्या होत्या, काही ‘दुरुस्ती’ या सदरात आणि काही ‘जुने रेडिओ’ या सदरात. हे तिला माहीत होतं. ती ते बोलली नाही.

साइट मुळात सासूबाईंची. सासरे हातातलं काम न थांबवता बोलत राहायचे आणि त्या शेजारी बसून दोन बोटांनी टाईप करायच्या. “जरा हळू, गाडी सुटतेय का तुमची?” असं मधूनमधून म्हणायच्या. प्रत्येक मॉडेलचं एक पान. पानाखाली वाचकांच्या प्रतिक्रिया, आणि प्रत्येक प्रतिक्रियेला त्यांचं उत्तर. त्या गेल्या त्याला चार वर्षं झाली. त्यानंतर मुलगा आणि सून इथे राहायला आले. सून दिवसभर घरूनच एका कंपनीच्या साइट्स सांभाळायची. सासऱ्यांची साइट मात्र तिने इतके दिवस उघडली नव्हती. गेलेल्या माणसाच्या चपला दाराशी तशाच ठेवाव्यात, तसं काहीसं ते होतं. सासरे रोज दुपारी जेवणानंतर चष्मा पुसून ती पानं वाचत बसतात, हे तिने पाहिलं होतं. दुरुस्तीची माहिती वाचायची त्यांना काहीच गरज नव्हती.

पण फोन वाजेनासा झाल्यावर ते दुपारी वाचायला बसले की संध्याकाळपर्यंत वाचतच राहायचे. तेव्हा तिने सुट्टीचे चार दिवस या कामाला द्यायचं ठरवलं.

काढून टाकण्याआधी प्रत्येक प्रत तपासायची, ही नोकरीत लागलेली सवय. बहुतेक प्रतींखाली काही नव्हतं. हिरव्या डोळ्याच्या रेडिओची तिसरी, कागदावर छापण्यासाठीची प्रतही कोरी होती. पण ‘दुरुस्ती’तल्या प्रतीखाली बारा प्रतिक्रिया होत्या आणि ‘जुने रेडिओ’तल्या प्रतीखाली सात. तिने दोन्ही शेजारीशेजारी उघडल्या.

‘दुरुस्ती’कडची पहिली प्रतिक्रिया पाच वर्षांपूर्वीची होती.

‘आमच्याकडे हाच होता. माझा मोठा भाऊ वडिलांशी भांडून घर सोडून गेला तेव्हा बगलेत मारून घेऊन गेला. वरच्या फळीवर डाव्या कोपऱ्यात इस्त्रीचा तिकोनी चटका आहे. असा रेडिओ दुरुस्तीला आला तर कृपया कळवावं. — धाकटी.’

खाली सासूबाईंचं उत्तर होतं: ‘अजून आला नाही. आला की पहिलं तुम्हाला कळवीन.’

धाकटीने पुन्हा विचारलं होतं, दर तीन-चार महिन्यांनी. सासूबाईंनी प्रत्येक वेळी उत्तर दिलं होतं, आणि प्रत्येक वेळी शब्द वेगळे होते. मग उत्तरं थांबली. धाकटी थांबली नव्हती. तीन वर्षांपूर्वी तिने लिहिलं होतं: ‘आम्ही ते घर सोडलं. तो तिथे गेला तर कुलूप बघून परत जाईल, ही एकच धास्ती आहे.’ आणि गेल्या वर्षी: ‘वडील गेले. आता त्याने यायला हरकत नाही.’

सुनेने दुसऱ्या प्रतीकडे पाहिलं. तिथे वर एक चार वर्षांपूर्वीची प्रतिक्रिया होती.

‘माझ्याकडचा अजून चालतो. खोक्यावर डाव्या कोपऱ्यात इस्त्रीचा डाग आहे. तो मी पाडला, पण मार आमच्या ठमीने खाल्ला आणि तोंडातून ब्रही काढला नाही. ती हे पान वाचेल असं नाही, पण कोणाला तरी सांगावंसं वाटलं. — एक श्रोता.’

त्याच्या खाली त्याच माणसाच्या आणखी चार नोंदी. ‘जुन्या पत्त्यावर पत्र टाकलं, परत आलं.’ ‘दुसरंही परत आलं.’ त्याला उत्तर कोणीच दिलं नव्हतं. शेवटची नोंद दोन महिन्यांपूर्वीची होती: ‘हिरवा डोळा आता मिटत नाही. स्टेशन लागलं की नाही ते कानावरूनच ओळखतो.’

“बाबा,” ती म्हणाली. तिचा आवाज ऐकून ते हात न पुसताच उठून आले.

त्यांनी आधी डावीकडचं वाचलं, मग उजवीकडचं, मग पुन्हा डावीकडचं. वाचताना ओठ हलत होते.

“दोघं एकाच पानावर आहेत की,” ते म्हणाले.

“एकाच पानाच्या दोन प्रतींवर. तिला सर्चमध्ये ही सापडली, त्याला ती. दोघांनी आपापला पत्ता जपून ठेवलेला दिसतोय.”

“चार वर्षं?”

“चार वर्षं.”

ते खुर्ची ओढून बसले. मग म्हणाले, “कर तुझं ते एकच पान.”

तिने दोन्हीकडच्या प्रतिक्रिया तारखेप्रमाणे एकाखाली एक लावल्या. ‘कुलूप बघून परत जाईल’ याच्या लगेच खाली ‘जुन्या पत्त्यावर पत्र टाकलं, परत आलं’ आलं, मध्ये फक्त नऊ दिवस. जुने दोन्ही पत्ते तिने नव्या मुख्य पत्त्याकडे वळवले आणि ते वळतात की नाही हे दोनदा उघडून पाहिलं. प्रतिक्रिया लिहिताना दोघांनी आपापला ईमेल दिलेला होता. तिने दोघांना पत्रं लिहायला घेतली: तुमचे बंधू जिवंत आहेत, तुमची बहीण तुम्हाला शोधते आहे, तुमचे वडील–

“थांब,” सासरे मागून म्हणाले. “हे आपण नाही सांगायचं.”

“का?”

“त्याचा बाप गेलाय. हे त्याला एका रेडिओवाल्याच्या सुनेकडून कळावं का? तिने सांगू दे.”

तिने लिहिलेलं पुसलं. दोघांना सारखंच पत्र गेलं: ‘पानाचा पत्ता बदलला आहे. सर्व प्रतिक्रिया आता एकत्र आहेत. कृपया पाहाव्या.’

श्रोत्याला पाठवलेलं पत्र पाचच मिनिटांत परत आलं. तो ईमेल बंद झाला होता. धाकटीकडून काहीच आलं नाही.

सासरे रोज सकाळी दात घासता घासता विचारायचे, “काही?” ती मान हलवायची. चौथ्या दिवशी त्यांनी विचारलं नाही, नुसतं तिच्या तोंडाकडे पाहिलं. पाचव्या दिवशी धाकटीने पानाखाली लिहिलं.

‘दादा, मी सगळं वाचलं. दोनदा वाचलं. डाग कोणी पाडला ते बाबांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. शेवटच्या आजारात त्यांनी मला सांगितलं. म्हणाले, तो कबूल करतोय का ते बघत होतो. दादा, तू इथे कबूल केलंस तेव्हा ते होते रे. माझा नंबर रेडिओवाल्या काकांकडे देऊन ठेवते. — ठमी.’

दुपारी फोन वाजला. सासऱ्यांनी नंबर उतरून घेतला, पुन्हा वाचून दाखवला आणि भिंतीवर कॅलेंडरशेजारी टाचणीने लावला.

आता वाट पाहायची होती ती ठमीच्या दादाची. त्याला कळवायची वाटच नव्हती. त्याने स्वतःहून यायचं. सून कामातून उठून साइटवर कोणत्या पत्त्यावर कधी कोण आलं, त्याच्या नोंदी दिवसातून दोनदा बघायची. सर्चमध्ये ते पान हळूहळू वर येत होतं. दोन नवी गिऱ्हाइकं आली, एकाला काच हवी होती, एकाला नुसतीच किंमत. सासरे दोघांशीही नेहमीपेक्षा थोडं लांबवून बोलले. एकदा नवऱ्याने तिला विचारलं, “तुमचं दोघांचं काय चाललंय? बाबा फोन वाजला की उडी मारतात.” ती म्हणाली, “एका माणसाची वाट बघतोय.”

तीन आठवड्यांनी, ऐन दुपारी, कोणीतरी ‘जुने रेडिओ’वाला पत्ता उघडला. नोंदीत ते दिसत होतं: जुना पत्ता आला आणि लगेच मुख्य पानाकडे वळला. तो माणूस त्या पानावर सत्तेचाळीस मिनिटं होता. मग एक प्रतिक्रिया आली. तिच्यात एकच शब्द होता.

‘ठमे.’

आठ मिनिटांनी दुसरी आली. ‘नंबर कसा मिळेल?’

सुनेने खाली सासऱ्यांच्या फोनचा नंबर टाकला. सासऱ्यांनी फोन उचलला तेव्हा पलीकडून आधी नुसता श्वास ऐकू आला असावा, कारण ते दोनदा “बोला, बोला” म्हणाले. मग भिंतीजवळ गेले, आकडे सावकाश वाचले, पुन्हा वाचले. “नाही, मी काही सांगत नाही,” ते म्हणाले. “तिच्याशीच बोला.” फोन ठेवल्यावर ते तसेच भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

ती दोघं काय बोलली ते इथे कोणालाच कळलं नाही. दुसऱ्या दिवशी पानाखाली काही नवीन नव्हतं, नंतरही नाही. आता त्यांना त्या पानाची गरज उरली नव्हती.

राहिलेलं काम सुनेने त्याच आठवड्यात संपवलं. नवा साइटमॅप तयार केला आणि पानं मोजली. साइटवर दोनशे बारा पानं निघाली, यादीत दोनशे अकरा. एक कुठे राहिलं ते तिने शोधलं. ते प्रसिद्ध केलेलं पान नव्हतंच. तो मसुदा होता. सासूबाई वाचकांना द्यायची उत्तरं आधी मसुद्यात लिहायच्या, शुद्धलेखन तपासायच्या आणि मगच पानाखाली टाकायच्या.

मसुद्याची तारीख चार वर्षांपूर्वीची होती, दुपारी चारची वेळ. दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांना दवाखान्यात नेलं होतं.

सासरे आत आले तेव्हा तिने स्क्रीन बंद केला नाही. त्यांनी उभ्याउभ्याच वाचलं.

‘नमस्कार. तुम्ही सांगितलेला डाग मी ओळखते. ठमी कोण तेही मला माहीत आहे. तुम्ही फक्त एवढं करा, याच पानाची दुसरी प्रत आहे, तिथे’

पुढे काही नव्हतं.

“वाक्य अर्धंच राहिलंय,” ती म्हणाली.

“मीच हाक मारली असणार,” सासरे म्हणाले. “घरात आम्ही दोघंच होतो तेव्हा. बहुतेक पक्कड सापडत नव्हती.”

त्यांनी टेबलाच्या कडेवर हात टेकला.

“हे काढून टाकू नकोस.”

“नाही काढत. यादीत घालू?”

त्यांनी मान हलवली. “यादीत नको. कोणी शोधायला नको ते.” मग म्हणाले, “पत्ता तेवढा लिहून दे मला.”

तिने एका कागदावर मोठ्या अक्षरांत पत्ता लिहिला. लांबलचक होता, निम्मे आकडेच. त्यांनी तो हातात घेतला आणि खिडकीपाशी उजेडात जाऊन एकेक अक्षर वाचून पाहिलं, कुठे चुकलं तर नाही ना म्हणून.